रातपाळी, निद्रानाश आणि शिकाऊ मानसशास्त्रज्ञ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘झोप’ असे सांगितले. त्यांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार झाले तर ऊसतोडीच्या उचलीवर बोलेल. तो झोपेवर काय बोलणार? शिवाय व्याख्यानाला येऊन झोपणारी मंडळी प्रत्येक गावात असतातच, त्यांना व्यासपीठावरून उत्तेजन कशाला द्यायचे, अशीही एक शंका निघाली.

आम्ही त्या मंडळींपासूनच सुरुवात करतो. येथे लोखंडी खुर्चीत बसून, कर्णा कानाशी वाजत असता जो गृहस्थ खुशाल डुलकी घेतो, तोच घरी जाऊन अंथरुणावर पाठ टेकताच टक्क जागा होतो. ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी हात वर करावा असे आम्ही म्हणणार नाही, पण असे लोक ह्या मांडवात आहेत ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. खुर्चीत झोप येते आणि गादीवर येत नाही, ह्याचे कारण शोधणारे एक शास्त्र आहे. त्या शास्त्रावरून उपचार करणारी माणसे तयार करावी लागतात. ती कशी तयार होतात, किती थोडी आहेत, आणि ती शिकत असता त्यांच्याकडून काय सुटते, हे आज सांगायचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली. जे सांगतो ते काही पाहिलेले, काही वाचलेले आणि काही स्वतः चुकून शिकलेले आहे.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ह्या म्हणीवर आपण सारे वाढलो. दमलेल्या माणसाला दगडावरही झोप लागते, ज्याला लागत नाही तो पुरेसा दमलेला नाही, असा तिचा अर्थ आपण लावतो. झोप येत नाही असे सांगत येणाऱ्या कामगाराला आम्हीही वीस वर्षे हेच ऐकवत होतो. “अरे, कष्टकऱ्याला कसली आली निद्रानाशाची चैन?” असे एकदा आम्ही भर सभेत म्हणालो, आणि लोक हसले. हसणाऱ्यांत तो माणूसही होता ज्याची हकीकत आता सांगतो.

तो जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो. भट्टीतून वितळलेले पोलाद मोठ्या डोलात ओततात, तो डोल माणसांच्या डोक्यावरून पुढे न्यायचा, हे त्याचे काम. वय पंचेचाळीसच्या आसपास. दोन वर्षे त्याच्या डोळ्याला धड डोळा लागत नव्हता. कुणीतरी गोळी सांगितली. अर्धीची एक झाली, एकीची दीड झाली. ही अल्प्राझोलामच्या जातीची गोळी २०१४ पासून औषधांच्या ‘एच-१’ यादीत आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती देता येत नाही आणि विक्रेत्याने वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. ती त्याला कशी मिळत होती हे आम्ही विचारले नाही. एके रात्री पहाटेच्या सुमारास त्याला क्रेनवर डुलकी लागली. डोल ओट्याच्या कडेला घासला, ठिणग्या उडाल्या, खालची माणसे पळाली. कोणास इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती आरोपपत्र पडले.

त्याचे उत्तर आम्ही लिहिले, आणि त्यात कामगार निर्दोष असल्याचे म्हटले. ते खरे नव्हते. त्याला दोषी म्हणणेही खरे नव्हते. ह्या दोहोंच्या मध्ये काय लिहावे हे आम्हांस ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही त्याला घेऊन एका मोठ्या शहरातील रुग्णालयात, मानसोपचार विभागात गेलो.

तेथे त्याला प्रथम तपासले ते एका शिकाऊ मानसशास्त्रज्ञ मुलीने. असेल पंचवीस-सव्वीस वर्षांची. तिने त्याला ‘काका’ म्हटले, पाणी दिले, आणि तासभर विचारपूस केली. किती वाजता पडता, दिवा केव्हा मालवता, रात्रीत किती वेळा उठता, उठल्यावर काय करता, दिवसा डुलकी काढता का, चहा किती, तंबाखू किती. आमचा माणूस म्हणाला, “ताई, आठ-साडेआठालाच पडतो बगा. म्हटलं जास्त येळ पडलं तर थोडी तरी मिळंल.” तिने हिशेब मांडला. रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच, नऊ तास अंथरुणावर. त्यात झोप साडेपाच तास. शंभरात एकसष्ट. धडधाकट माणसाचे हे प्रमाण पंच्याऐंशीच्या वर असते. तिने सांगितले, “काका, आजपासून रात्री बाराच्या आत अंथरुणावर जायचं नाही आणि साडेपाचला काहीही झालं तरी उठायचं.” ऐकून आम्ही चाट पडलो. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाची झोपायची वेळच कापायची!

पण उपचार खरा होता. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९८७ साली मांडला. कारण समजण्यास सोपे आहे. दिवसभर जागे राहिल्याने झोपेची जी ओढ साचते ती पाटाच्या पाण्यासारखी असते. लांब पाटात सोडली की पाणी जागोजाग मुरते आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. पाट आखूड केला की तेच पाणी जोराने वाहते. पाच दिवस, सात दिवस असे केल्यावर माणूस पडताच झोपतो. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटे वाढवीत जायचे. मात्र पाच तासांच्या खाली कोणासही आणायचे नाही, असा दंडक आहे.

आम्ही उठलो, दारापर्यंत आलो, तोच आतल्या खोलीतून तिच्या शिक्षिका बाहेर आल्या. शिकाऊंनी तपासलेला प्रत्येक रोगी सुटण्यापूर्वी त्याचा कागद त्यांच्या नजरेखालून जात असे. त्यांनी कागद वाचला आणि मुलीला एकच प्रश्न केला: “हे काम काय करतात?” कागदावर ‘नोकरी’ असे लिहिले होते. मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगितले, क्रेन. कोणती पाळी? फिरती, दर आठवड्याला बदलणारी. बाईंनी आम्हांला परत आत बसवले.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात आम्ही जे ऐकले त्यासाठीच हे व्याख्यान आहे. त्या शिक्षिका मुलीवर रागावल्या नाहीत. त्यांनी तिला आमच्या देखत विचारले की, ह्या उपचाराच्या पहिल्या पंधरवड्यात काय होते? मुलगी म्हणाली, दिवसाची पेंग वाढते. मग ज्याच्या हाताखाली वितळलेले पोलाद आहे त्याची पेंग वाढवायची का? आणि तू जो हिशेब मांडलास तो कोणत्या आठवड्याचा? चालू आठवड्याचा, ह्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी आहे. पुढच्या आठवड्यात तिसरी लागली म्हणजे रात्री बारा वाजता ते अंथरुणावर असतील की क्रेनवर? मुलीने डोके खाली घातले, आणि कागदावरील ‘नोकरी’ हा शब्द खोडून नवीन ओळ लिहू लागली. तिचे ज्ञान कमी नव्हते. पुस्तक तिला पाठ होते. पुस्तकात क्रेन नव्हती.

आता ह्या विद्येची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. झोप म्हणजे नुसते विझणे नव्हे, हे कळल्याला शंभर वर्षेही झाली नाहीत. १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्या दोघांनी झोपेतील डोळ्यांच्या वेगवान हालचालींचा शोध जाहीर केला, तेव्हापासून झोपेला टप्पे आहेत हे सर्वमान्य झाले. आमच्या खुर्चीवाल्या गृहस्थाचे कोडे १९७२ साली रिचर्ड बूटझिन ह्यांनी सोडवले. महिनोन् महिने माणूस अंथरुणावर जागा पडतो, काळज्या करतो, घड्याळ पाहतो, आता मोबाइल पाहतो. अखेर अंथरूण हीच त्याला जागे राहण्याची खूण होऊन बसते. खुर्चीशी त्याचे असे काही वैर नसते, म्हणून तेथे तो झोपतो. उपाय असा की, झोप आल्यावाचून अंथरुणावर जायचे नाही, वीसएक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, आणि पेंग आली म्हणजे परत यायचे. ह्या दोन उपचारांना अंग सैल सोडण्याची शिकवण आणि झोपेविषयीच्या भीतीची झडती जोडून चार ते आठ बैठकींचा एक पुरा उपचार तयार झाला. २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या कॉलेजने जाहीर केले की, प्रौढ माणसाच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच करावा; गोळीचा विचार त्यानंतर. बहुतेकांना ह्याने पुरता नाही तरी पुष्कळ आराम पडतो.

आपल्याकडेही गोळीवाचून उपचार करण्याचे वेड नवे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. ना. स. वाहिया ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६०-७० च्या दशकांत पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती मानसिक रोग्यांवर वापरून तिचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध केले. त्याच रुग्णालयात डॉ. के. के. दाते ह्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना शवासन शिकवून १९६९ साली त्याचा अहवाल छापला. शवासन शिकवणे सोपे वाटते. आमच्या माणसाला ते शिकवले तेव्हा तो पहिल्या दिवशी इतका ताठ पडला की खरोखरच शव दिसू लागला.

त्या ‘दुसऱ्या खोली’विषयी थोडे बोलतो. हे नियम जेथे लिहिले गेले तेथे प्रत्येकाला निजायची खोली वेगळी असते. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने माणसे निजत. रातपाळीचा परतला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे, आणि तीच वळकटी कामी येई. मंठ्यातल्या किंवा जालन्याच्या वस्तीतल्या एकखणी घरात दुसरी खोली कोठून आणणार? शिकाऊ मुलीने हा नियम सांगितला तेव्हा आमचा माणूस गप्प राहिला. गरीब माणूस गप्प राहिला म्हणजे त्याला पटले असे शिकाऊ डॉक्टर समजतात, ही आमच्या मते सर्वांत मोठी फसगत आहे. बाईंनी त्याला विचारले, घरात अंथरूण कसे घालता? तो म्हणाला, सतरंजी आणि वाकळ. सकाळी गुंडाळून कोपऱ्यात. बाई म्हणाल्या, “मग झालं तर. झोप येईपर्यंत वळकटी सोडायचीच नाही. जाग आली की वळकटी बांधायची आणि उंबऱ्यात येऊन बसायचं.” दुसऱ्या खोलीचे काम वळकटीने केले. आपल्या आयाबाया सकाळी उठताच अंथरुणे काढायचा आग्रह का धरीत, हे आम्हांस त्या दिवशी नव्याने कळले. पलंग आणि त्यावर दिवसभर पसरलेली गादी घरात आली, आणि आपण तिच्यावर बसून जेवू लागलो, हिशेब करू लागलो.

तसेच टिपणवहीचे. ह्या उपचारात रोग्याने दोन आठवडे रोज झोपेची नोंद ठेवावी लागते. तिच्यावाचून पुढचे पाऊल नाही. लिहिता न येणारी ऊसतोड बाई नोंद कशी ठेवणार? शिकाऊला हे सुचावे लागते की, तिला तास विचारू नयेत, खुणा विचाराव्यात. शेवटची एस. टी. गेली तेव्हा जागी होतीस का? पहाटेची अजान ऐकलीस का? काकडा ऐकलास का? भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात तिने काळा ठिपका द्यायचा की रिकामा ठेवायचा, एवढे ठरवले तरी पुष्कळ काम होते.

आणखी एक गोष्ट शिकावी लागते ती म्हणजे आपले नव्हे ते ओळखणे. जो रात्री गडगडाटी घोरतो, मध्येच ज्याचा श्वास अडकतो आणि दचकून सुटतो, दिवसा जो बसल्या जागी झोपतो, त्याला वळकटी बांधायला सांगून काय उपयोग? त्याचा घसा झोपेत मिटतो आहे. त्याला श्वासाच्या डॉक्टरांकडे, झोपेच्या तपासणीकडे पाठवले पाहिजे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया ह्यांनी २००४ साली मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शंभरांत सुमारे साडेसात पुरुषांना ह्या विकाराची लक्षणांसह बाधा आढळली. आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानतात. ‘काय मस्त घोरतोय’ असे कौतुकाने म्हणतात. किंवा एखादी बाई सांगते, पडले की पायात मुंग्या फिरतात, पाय हलवल्यावाचून चैन पडत नाही. अंगात लोह कमी असले तर असे होऊ शकते. तिचे रक्त तपासायला हवे. पहाटे तीनला जाग येऊन ज्याला जगणे नकोसे वाटते त्याच्या झोपेआधी त्याच्या मनाकडे पाहिले पाहिजे. आणि जो कित्येक महिने गोळी घेतो आहे त्याची गोळी मानसशास्त्रज्ञाने एकदम बंद करायची नसते. ते डॉक्टरांचे काम, आणि तेही हळूहळू.

मग हे सारे शिकवते कोण? आपल्या देशात रोग्यावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या देखरेखीखाली चालत आले आहे. तिचा कायदा १९९२ चा. एम. ए. नंतर दोन वर्षांची एम. फिल., रुग्णालयात राहून, रोगी पाहून, शिक्षकाच्या हाताखाली. तिच्या विषयपत्रिकेत झोपेचा स्वतंत्र पेपर नव्हता. मनोविकारांच्या आणि वर्तनवैद्यकाच्या पेपरांत जे येईल तेवढेच. आता एम. फिल. ही पदवीच मोडीत निघाली. ह्या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ होती, आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आले आहेत. त्यांत झोपेला किती जागा मिळेल ते शिकवणाऱ्यांच्या हाती आहे. श्रीमंत देशांतही फार निराळे नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मानसशास्त्रज्ञ घडवणाऱ्या शंभर संस्थांपैकी जेमतेम सहा संस्था झोपेचा वेगळा वर्ग घेत होत्या.

आम्हांला हे सुतारकामासारखे, फिटरच्या कामासारखे दिसते. कानस कशी धरावी हे फळ्यावर शिकवता येत नाही. उमेदवार आधी उस्तादाचा हात पाहतो, मग उस्ताद त्याचा हात पाहतो, मग उस्ताद दुसऱ्या बाकावर जातो पण कान इकडे ठेवतो. त्या रुग्णालयात शिकाऊ मंडळी आधी शिक्षकांच्या बैठकी बघत, मग एकमेकांना रोगी बनवून सराव करीत, मग शिक्षिका बाजूच्या खोलीत असता स्वतः रोगी पाहत. त्या बाईंची एक अट आम्हांला फार आवडली. प्रत्येक शिकाऊने रोग्याला टिपणवही देण्याआधी दोन आठवडे स्वतःच्या झोपेची वही ठेवायची, आणि एक आठवडा ठरल्या वेळेआधी अंथरुणाला शिवायचे नाही. आमच्या मुलीने हसत सांगितले, “काका, चौथ्या दिवशी मी शेंगदाण्याच्या चटणीत साखर घातली.” त्यानंतर आमच्या माणसाचा तिच्यावर विश्वास बसला. आम्ही त्यात भर घालू इच्छितो ती एवढीच की, प्रत्येक शिकाऊने एक रात्र भट्टीवर आणि एक पहाट उसाच्या फडात काढावी.

फडात म्हणतो, कारण मंठ्याचे निद्रानाश तेथे आहेत. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून कोयते बाहेर पडतात. फडात पहाटे तीन-चारला उठायचे. ट्रक रात्री केव्हा येईल त्याचा नेम नाही, आला की मोळ्या भरायच्या. पाच-सहा महिने असे काढून जो परत येतो त्याला गावात आल्यावर रात्री झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात, आता काम नाही म्हणून लोळतो. दुसरे, रात्रीची वीज. शेतीपंपाला वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला. हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणून थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून बारे धरणारा शेतकरी हा रातपाळीचाच कामगार. फक्त त्याला रातपाळी भत्ता नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली. जेथे ती पोचली तेथे तिने किती गोळ्या वाचवल्या हे मोजण्याजोगे आहे, पण वीज मंडळी युनिट मोजतात, झोप मोजत नाहीत.

आता आमच्या चुकीकडे येतो. बाईंनी आमच्या माणसासाठी पत्र दिले: आठ आठवडे पहिली पाळी, क्रेनवरून खाली, भांडारात काम, झोपायची वेळ रात्री अकरा ते साडेपाच, म्हणजे मुलीने दिली होती त्याहून तासभर अधिक. व्यवस्थापनाने थोडी खळखळ करून मान्य केले. पत्र देताना बाईंनी सहज विचारले, “पाळ्या कोणत्या क्रमाने फिरतात?” आम्ही सांगितले: तिसरी, मग दुसरी, मग पहिली. त्या म्हणाल्या, “उलट्या फिरतात की! हे कोणी ठरवलं?”

ते आम्ही ठरवले होते. आठ वर्षांपूर्वीच्या करारावर आमची सही आहे. रातपाळी भत्ता वाढवून घेताना क्रम व्यवस्थापनाने सुचवला, आणि सभासदांनाही तो आवडला, त्याला कारण होते. उलट्या क्रमात पहिल्या पाळीचा माणूस शनिवारी दुपारी तीनला सुटतो तो सोमवारी रात्री अकराला तिसरीला येतो. गावी जाऊन यायला छप्पन तास मिळतात. आम्ही छप्पन तास पाहिले. माणसाच्या अंगातले घड्याळ पाहिले नाही. ते घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असते. म्हणून उशिरा झोपणे त्याला सोपे जाते आणि लवकर झोपणे अवघड. पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढे सरकल्या तर अंग त्यांच्यामागून जाते. उलट सरकल्या तर अंगाला दर आठवड्याला मागे ओढावे लागते. १९८२ साली अमेरिकेतील युटा राज्यात खनिजांच्या एका कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रम सुलटा करून आणि पाळी तीन आठवडे टिकवून पाहिली, तेव्हा कामगारांची तक्रार कमी झाली आणि उत्पादन वाढले. ह्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही करारावर सही केली तेव्हा युटाचा प्रयोग छापून कित्येक वर्षे झाली होती. तो आम्हांला कोणी सांगितला नाही, हे खरे. आम्ही कोणाला विचारलेही नाही.

चळवळीने झोपेचा विचार कधी केलाच नाही असे मात्र नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पुढे १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळल्यावर यंत्र थांबायचे ते थांबेनासे झाले. चौदा चौदा तास काम होऊ लागले. त्यावर आरडाओरड होऊन चौकश्या झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात रातपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास धरावी असे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही ती तरतूद आली आहे. ह्या चोवीस तासांतच मेख आहे. सुलट्या क्रमात तिसऱ्या पाळीचा माणूस रविवारी सकाळी सातला सुटतो आणि सोमवारी सकाळी सातला पहिलीवर हजर होतो. कायद्याप्रमाणे सुट्टी पुरी झाली. पण त्यातले सात-आठ तास तो दिवसा झोपला, तर रात्री त्याला झोप कोठून येणार?

म्हणून क्रम सुलटा करा एवढे म्हणून भागेना. सभासदांचीच बैठक घेतली तेव्हा तरुण पोरे आमच्यावर तुटून पडली. छप्पन तास कोण सोडणार? वर्षभर वाद झाला. अखेर क्रम सुलटा झाला, पाळी एकाऐवजी दोन आठवडे टिकू लागली, आणि रातपाळीनंतर एक जादा दिवस विश्रांती द्यावी ही मागणी अजून टेबलावर पडून आहे. ती मागणी मांडताना आम्ही त्या शिकाऊ मुलीकडून दोन पानी टिपण लिहून घेतले. कामगाराची झोप बैठकीत सुधारायची आणि पाळीपत्रकाने बिघडवायची, हे तिलाही पटत नव्हते.

आमच्या माणसाची झोप सातव्या आठवड्यात सव्वासहा तासांवर आली. गोळी सुटायला आणखी चार महिने लागले. दोनदा पुन्हा घ्यावी लागली. आता तो क्रेनवर आहे. रातपाळीच्या आठवड्यांत अजूनही त्याची झोप तुटकीच असते, आणि तसे त्या मुलीने त्याला आधीच सांगून ठेवले होते.

येथे कोणाला विचारायचे, असे आपण म्हणाल. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. फोन करताना आपण काम काय करतो आणि कोणत्या वेळी करतो हे त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.

ज्यांना काही विचारायचे असेल त्यांच्यासाठी आम्ही मांडवात थांबणार आहोत. ज्यांना जांभया येत आहेत त्यांनी मात्र आमच्यासाठी थांबू नये; वळकटी सोडायची हीच वेळ आहे.